बांबेर्गचा धूर आणि हंगामाची बिअर

हंगामी बिअर हा शब्द हल्ली इस्राएलातही वरचेवर कानी पडतो. लहान लहान कारखाने निघाले आहेत, आणि कुणी हिवाळ्याची बिअर काढतो, तर कुणी सणाची. पण हंगाम बिअरमध्ये असतो की नुसता बाटलीवरच्या चिठ्ठीत, हा प्रश्न आम्हाला बरेच दिवस पडला होता. गेल्या नोव्हेंबरात आम्ही उभयता जर्मनीतील बांबेर्ग या गावी तीन दिवस राहिलो, तेव्हा त्याचा थोडाफार उलगडा झाला.

निघण्यापूर्वी अश्दोदच्या आमच्या एका स्नेह्यांनी तोंडावरच विचारले, "जर्मनीत जाऊन बिअर पिणार, आणि वर परत येऊन तिची स्तुतीही लिहिणार का?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शेवटी देऊ. आधी बिअरविषयी.

जव भिजवून मोड आणायचे आणि ते वाळवायचे, की झाले माल्ट. ते पाण्यात उकळून, कडवटपणासाठी हॉप्सची फुले घालून आंबविले की बिअर होते. उन्हाळ्यात हे काम बिघडते. म्हणून बव्हेरियात १५५३ साली २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनविण्यास मनाईच केली होती. मग लोक मार्च महिन्यात जरा कडक बिअर करून थंड तळघरांत भरून ठेवीत आणि उन्हाळाभर पुरवीत. हीच मेर्त्सन, म्हणजे मार्चची बिअर. पुढे बर्फाची यंत्रे आली आणि गरज संपली. आज म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट सप्टेंबरातच सुरू होतो, आणि तेथे मिळते ती मुख्यतः फिकट सोनेरी बिअर. तिची एक बाटली आम्ही वाटेत म्युनिकला घेतली. पिण्यास सोपी, आणि विसरण्यास त्याहून सोपी!

बांबेर्गची गोष्ट निराळी. पूर्वी माल्ट उघड्या जाळावर वाळवीत, त्यामुळे त्याला धुराचा वास लागे. नव्या भट्ट्या आल्यावर जगाने हा धूर टाकून दिला. बांबेर्गच्या श्लेंकेर्ला आणि स्पेत्सियाल या दोन कारखान्यांनी तो टाकला नाही. दोघेही आपले माल्ट आजही स्वतःच बीच झाडाच्या लाकडावर धुरवतात.

आम्ही आधी स्पेत्सियालला गेलो. तेथील धूर सौम्य आहे, आणि नवख्याने सुरुवात तेथेच करावी. दुसऱ्या दिवशी श्लेंकेर्लाची मेर्त्सन घेतली. ती लाकडी पिंपातून देतात, रंग जवळजवळ काळा. पहिल्या घोटाला आमच्या सौभाग्यवतींनी मग खाली ठेवला. प्रवासवर्णने लिहिणारे या चवीला डुकराच्या धुरवलेल्या मांसाची उपमा देतात. आपल्या घरांत ती उपमा कशी चालणार? आम्ही म्हणू, चुलीवर निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याचे भरीत आठवा, किंवा कोकणातल्या घरी ओल्या लाकडांवर तापवलेले धुरकट दूध. अर्ध्या मगानंतर सौभाग्यवतींनी तो परत जवळ ओढला, यातच सारे आले.

मात्र आम्ही गेलो होतो उरबॉकसाठी. ही बिअर काही महिने तळघरात मुरते आणि ऑक्टोबरात बाहेर निघते. मेर्त्सनमध्ये मद्यार्क ५.१ टक्के, हिच्यात ६.५. धूर तोच, पण खाली माल्टचा गोडवा भरपूर, त्यामुळे धूर टोचत नाही. थंडीच्या संध्याकाळी ती अंगाला ऊब देते. दोषही सांगितला पाहिजे. एका मगानंतर जिभेला धूर कळेनासा होतो आणि गोडवा जड होतो. एकच घ्यावी, सावकाश घ्यावी. नाताळच्या सुमारास येथे ओकच्या लाकडावर धुरवलेल्या माल्टची ८ टक्क्यांची बिअर निघते, आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत आणखी एक वेगळी.

हंगाम असा कामातून आलेला असावा. बेत शेमेशच्या शापिरो कारखान्याची हिवाळी बिअर आम्ही आवडीने पितो. पण तिची ऊब व्हिस्कीत भिजवलेल्या ओकच्या ढलप्यांतून येते, पंचांगातून नव्हे. त्यापेक्षा तेल अवीवच्या डान्सिंग कॅमल कारखान्याने सुक्कोथच्या सुमारास एतरोग घालून बिअर काढली होती, ती कल्पना आम्हाला अधिक सच्ची वाटली. आपल्या वाडवडिलांना हे कुणी शिकवावे लागले नव्हते. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण ही नावे त्यांनी स्वयंपाकघरातूनच घेतली. पेसाहला ते अनाशी ढाकायचा सण म्हणत, म्हणजे आंबटाचे भांडे झाकून ठेवण्याचा. आंबवायचे केव्हा आणि थांबायचे केव्हा, दोन्ही त्यांना ठाऊक होते.

आता स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळू. बांबेर्गच्या बिअरला लागणाऱ्या हॉप्सचा व्यापार एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर ज्यू व्यापाऱ्यांच्या हाती होता. नोव्हेंबर १९३८ च्या त्या रात्री गावचे सिनेगॉग जाळण्यात आले. ज्यू समाजाचे प्रमुख विली लेसिंग यांना जबर मारहाण झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ते वारले. आज त्यांच्या नावाचा रस्ता तेथे आहे, आणि त्याच रस्त्यावर २००५ पासून पुन्हा सिनेगॉग आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या रस्त्याने चालत गेलो. नोव्हेंबर महिना होता, आणि आदल्या रात्रीचा धुराचा वास आमच्या कोटाला अजून होता. दोघेही काही बोललो नाही.

आमचे मत असे. बिअर चांगली आहे, आणि तसे न लिहिणे खोटेपणाचे होईल. पण त्या गावची बिअर वाखाणताना तिच्यासाठी हॉप्स पुरविणाऱ्यांचे नाव गाळणे हा त्याहून मोठा खोटेपणा. ज्यांना तेथे जाणे मनाला पटत नाही, त्यांना आम्ही आग्रह करणार नाही. जे जातील त्यांनी मगाइतकाच वेळ त्या रस्त्यालाही द्यावा.

जाता जाता दोन व्यवहारी गोष्टी. साध्या बिअरला सहसा हरकत नसते, तरी आपल्या रब्बींना विचारून घ्यावे. जेवण मात्र तेथे आपल्या उपयोगाचे नाही, तेव्हा पाव आणि फळे बरोबर असू द्यावीत. रिकाम्या पोटी उरबॉक घेऊ नये, हे आम्ही अनुभवाने सांगत आहोत. असो.