आमिश प्रेमकथा आणि आपला वाचक

शाळेच्या ग्रंथालयात कोणते पुस्तक ठेवावे व कोणते ठेवू नये, हे ठरविणे मुख्याध्यापकाच्या नित्याच्या कामांपैकीच एक आहे. बहुधा ते पाच मिनिटांत उरकते. परंतु मागील वर्षी अशाच एका निर्णयाने मला काही महिने अडवून धरले. आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी विवाहानंतर अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात राहते. सुटीत ती माहेरी आली, तेव्हा तिने आठ-दहा इंग्रजी कादंबऱ्या शाळेला भेट दिल्या. प्रत्येकीच्या वेष्टनावर पांढरी टोपी घातलेली, नजर खाली वळविलेली एक तरुणी, मागे कणसांनी भरलेले शेत आणि दूरवर एक घोडागाडी. चार पाने चाळून मी त्या कपाटात बंद केल्या. धर्मोपदेशाचा मुलामा दिलेल्या सवंग प्रेमकथा, असा शेरा मी मनातल्या मनात मारला होता. तो शेरा मला पुढे बदलावा लागला. पण पुरता नव्हे. किती बदलला व किती कायम राहिला, तेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम या कथांचा विषय झालेल्या समाजाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. सोळाव्या शतकात युरोपात ख्रिस्ती धर्मसुधारणेची जी चळवळ झाली, तिच्यातील एका शाखेने बाल्यावस्थेतील बाप्तिस्मा नाकारला. जाणत्या वयात, स्वतःच्या संमतीने घेतलेली दीक्षाच खरी, असे तिचे म्हणणे होते. या शाखेत 1693 च्या सुमारास याकोब अम्मान या स्विस उपदेशकाच्या मतांवरून फूट पडली. त्याच्या अनुयायांना आमिश म्हणू लागले. अठराव्या शतकात ते अमेरिकेत आले आणि आज तेथे त्यांची संख्या चार लाखांच्या घरात आहे. त्यांच्यातील जुन्या वळणाचे लोक घरात वीजमंडळाच्या तारा घेत नाहीत, मोटार बाळगीत नाहीत आणि जर्मनची एक बोली घरात बोलतात. वागणुकीचे सर्व नियम ‘ओर्डनुंग’ या नावाने ओळखले जातात. दीक्षा घेऊन मग नियम मोडणाऱ्या माणसाशी समाज व्यवहार तोडतो. या शिक्षेस इंग्रजीत कोणताही शब्द असो, मराठीत तिला ‘वाळीत टाकणे’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्याला शब्दकोशात शोधावा लागत नाही.

या समाजाभोवती रचलेल्या प्रेमकथांचा आजचा ओघ बेव्हर्ली लुईस या लेखिकेच्या ‘द शनिंग’ या 1997 च्या कादंबरीपासून सुरू झाला, असे मानतात. पुढे तो इतका वाढला, की या वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्या व्हॅलरी वीव्हर-झर्चर यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, आदल्या वर्षी सरासरी चार दिवसांस एक नवी आमिश प्रेमकथा बाजारात येत होती, असे नमूद केले आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या कथा लिहिणाऱ्या बहुतेक लेखिका आमिश नाहीत आणि वाचणाऱ्या बहुतेक स्त्रियाही आमिश नाहीत. मोटार चालविणाऱ्या, कचेरीत काम करणाऱ्या, घरी दूरचित्रवाणी पाहणाऱ्या ख्रिस्ती गृहिणींसाठी त्यांच्याच धर्मभगिनींनी दिव्याच्या मंद प्रकाशातील हे जग उभे केले आहे.

माझ्या कपाटाचे कुलूप उघडले ते आमच्या एका सहशिक्षिकेने. घरचे आजारपण, दोन वेळचा स्वयंपाक आणि शाळेची तपासणी यांतून रात्री अर्धा तास मिळतो, तेवढ्यात मन निवेल असे काही हवे, असे सांगून त्यांनी एक पुस्तक नेले. आठवड्याने दुसरे नेले. तिसरे नेताना त्या म्हणाल्या, “सर, यात कुणी कुणाचा अपमान करीत नाही. एवढ्यासाठीच मी वाचते.” या वाक्याने मी वरमलो. ज्या वाङ्मयाला मी सवंग म्हणत होतो, ते एका शहाण्या, कष्टाळू स्त्रीला रोज रात्री विसावा देत होते. मग मीही ‘द शनिंग’ हाती घेतली.

कथा अशी: लँकेस्टर परगण्यातील हिकरी हॉलो या वस्तीत वाढलेली केटी लॅप मुले असलेल्या एका विधुर बिशपशी विवाह करण्याच्या बेतात आहे. तिचा पूर्वीचा प्रियकर बुडून मेला, अशी सर्वांची समजूत आहे. त्याने शिकविलेले गाणे तिच्या ओठांवरून जात नाही आणि त्या समाजात तसे गाणे निषिद्ध. माळ्यावर तिला तान्ह्या बाळाचे एक रेशमी अंगडे सापडते. साध्या कापडाच्या घरात रेशीम आले कोठून? ती दत्तक आहे, तिची जन्मदात्री कोणी दुसरीच श्रीमंत बाई आहे, असे उघड होते. विवाह मोडतो आणि ती वाळीत पडते. पुढील दोन भागांत ती आईचा शोध घेते आणि मेला समजलेला प्रियकर जिवंत निघतो.

योगायोगांची ही गर्दी पाहून ना. सी. फडक्यांच्या तंत्रनिष्ठ वाचकालाही हसू यावे. तरीही ते रेशमी अंगडे मला विसरता आले नाही. नियमांनी आखलेल्या घरात एका आईने लपवून ठेवलेली ती एकच मऊ वस्तू लेखिकेने अचूक हेरली आहे. या कथांचा दुसरा गुण म्हणजे संयम. नायक-नायिकेच्या भेटीत शब्द थोडे, स्पर्श त्याहून थोडा; विवाहापूर्वी मर्यादेचे उल्लंघन नाही. अशा सोज्वळपणाची टवाळी करणे सोपे आहे. परंतु हात हातात घेण्यासही जेथे अडीचशे पाने थांबावे लागते, तेथे त्या स्पर्शाला काही अर्थ उरतो, हे मान्य केले पाहिजे.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष उपदेशाचा, असे कोणी म्हणेल. तो मला मान्य नाही. उपदेशाने कादंबरी बिघडतेच असे नाही. आपल्या कादंबरीची वाटचालच मुळी उपदेशापासून सुरू झाली. बाबा पदमनजींची 1857 साली प्रसिद्ध झालेली ‘यमुनापर्यटन’ हीदेखील धर्मप्रचाराची कादंबरी आहे. यमुना पतीसमवेत प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांची दुर्दशा पाहते, स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुन्हा विवाह करते. सांगाडा पाहिला तर ही आजच्या प्रेरणापर प्रेमकथेचीच वडील बहीण आहे. मग दीडशेहून अधिक वर्षांनंतरही आपण ती का वाचतो? तिच्यातील धर्ममताशी ज्याला कर्तव्य नाही, तोही त्या विधवांच्या हकिकतींपाशी थबकतो. पदमनजी त्याच समाजात जन्मले व वाढले होते. 1854 साली त्यांनी धर्मांतर केले, तरी त्या घरांच्या माजघरात काय चालते हे त्यांना ऐकीव माहितीवरून लिहावे लागले नाही.

दोष आहे तो पाहण्याच्या जागेचा. आमिश धर्मदृष्टीचा गाभा म्हणजे शरणागती. स्वतःला विसरणे, समाजाच्या मर्जीत आपली मर्जी मिळविणे, आणि ‘माझा उद्धार झालाच’ असे छातीठोकपणे न म्हणणे. कारण तसे म्हणणे त्यांना गर्वाचे लक्षण वाटते. कादंबऱ्यांतील नायिका मात्र एकांतात, स्वतःच्या अंतःकरणात ईश्वराशी थेट नाते जोडते आणि आपल्या उद्धाराची खात्री मिळवते. हे मत लेखिकेचे आणि तिच्या वाचकांचे आहे; टोपी व झगा तेवढा आमिश आहे. दुसऱ्याच्या देवघरात जाऊन आपलीच आरती म्हणावी आणि घरधन्याला वाटावे की हीच त्याची पूजा, तसा हा प्रकार झाला.

दुसरी गोष्ट मला शिक्षक म्हणून खटकते. आमिश मुलामुलींचे शालेय शिक्षण आठव्या इयत्तेबरोबर संपते. 1972 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा तो हक्क मान्य केला. हा निर्णय बरा की वाईट, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. परंतु चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलीच्या मनात काय राहून जाते, हा प्रश्न कादंबरीकाराला कधी छळत नाही, ही नवलाची गोष्ट आहे. तिची नायिका मुरंबा करते, गोधडी शिवते, प्रार्थना करते. गोधडी मात्र फार सुरेख असते.

याच समाजाची क्षमाशीलता या कथांत वारंवार येते. ती खोटी नाही. 2 ऑक्टोबर 2006 रोजी निकेल माइन्स येथील एकखोली आमिश शाळेत एका इसमाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच मुली मेल्या. काही तासांतच त्या समाजातील माणसे मारेकऱ्याच्या घरच्यांचे सांत्वन करावयास गेली. शाळा चालविणाऱ्या माणसाला हे वाचताना पुढचे अक्षर दिसेनासे होते. अशा क्षमेच्या मागे केवढा सराव, केवढी शिस्त आणि केवढे गिळलेले दुःख असेल! कादंबरीत मात्र ती शेवटच्या प्रकरणात, लग्नाच्या आधी, हळुवार पावलांनी येते.

आपल्याकडे याच प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला आहे. महानुभाव हा असाच स्वतःचे आचारनियम जपणारा पंथ. त्यानेही प्रेमकथा लिहिल्या: महदाइसेचे ‘धवळे’, नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’. भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपालवध’ रचले, तेव्हा पंथातील ज्येष्ठांनी ते काव्य उत्तम, परंतु शृंगारामुळे निवृत्तांस उपयोगी नाही, असा अभिप्राय दिला. आणि कवीने पुढे ‘उद्धवगीता’ लिहिली, अशी कथा आहे. हा अभिप्राय कडक आहे, पण तो देणारे, ऐकणारे व लिहिणारे एकाच पंगतीचे होते. पुढे या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत झाकून ठेवले. लंकेस्टरच्या शेतकऱ्यांना ती सोय नाही. त्यांच्याविषयी दर आठवड्याला कोणीतरी लिहिते आणि अभिप्राय विचारावयास त्यांच्या दारी कोणी जात नाही. काही आमिश स्त्रियाही या कथा वाचतात, असे वीव्हर-झर्चर सांगतात; मात्र छापखाना दुसऱ्यांच्या हाती आहे.

येथवर मी परक्यांचे दोष मोठ्या उत्साहाने मोजले. आता घरचे सांगितले पाहिजे. आमचा आदिलाबाद जिल्हा गोंडांचा. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाने त्यांच्यात राहून लिहिलेला ग्रंथ 1948 साली प्रसिद्ध झाला. 1940 साली जोडेघाट येथे कुमरम भीम जमिनीसाठी व जंगलासाठी लढताना मारला गेला. हे सर्व मला ठाऊक होते. तरीही काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी एक नाटुकले लिहिले. त्यात दिवाळीची दंडारी होती, मोरपिसांचा मुकुट घातलेला गुसाडी होता, चांदणे होते आणि एकमेकांवर अनुरक्त झालेले एक निष्पाप गोंड जोडपे होते. त्या जोडप्याला सावकार नव्हता, जमिनीचा कागद नव्हता, मलेरिया नव्हता. तालमीच्या तिसऱ्या दिवशी नायकाची भूमिका करणारा नववीतील गोंड मुलगा माझ्या खोलीत आला. उद्धटपणा मुळीच नव्हता. म्हणाला, “सर, आमच्या गावात यातलं कुणीच राहत नाही.”

मी तेव्हा त्याला काय उत्तर दिले ते आठवत नाही; काही दिले नसावे. नाटुकले झाले, टाळ्याही पडल्या. त्या पांढऱ्या टोप्यांच्या कादंबऱ्या वाचताना मला त्या मुलाचे वाक्य पानोपानी ऐकू येत होते. केटी लॅपच्या लेखिकेने जे केले तेच मी केले होते, आणि तिच्याइतके कौशल्यही मजजवळ नव्हते. आपण दमलो, की कोणाला तरी साधे, तृप्त आणि निष्पाप ठरवून त्याच्या अंगणात जाऊन बसतो. त्या विसाव्याची गरज खरी असते. आमच्या सहशिक्षिकेची गरज खरी होती. परंतु ज्याच्या अंगणात बसलो, त्याला त्याचे घर आहे, त्या घरात त्याची भांडणे, त्याचे कर्ज आणि त्याच्या मुलीची सुटलेली शाळा आहे, एवढे तरी वाचकाला आठवले पाहिजे. जी कादंबरी ते आठवू देत नाही, ती कितीही सोज्वळ असो, अपुरी आहे. वाळीत टाकणे हे केटीच्या कथेत एक हुरहूर लावणारे वळण आहे. आपल्याकडे त्याविरुद्ध महाराष्ट्राला 2016 साली कायदा करावा लागला. ज्याच्या दारावरून लोक तोंड फिरवून गेले आहेत, त्याला त्यात हुरहूर सापडणार नाही.

त्या कादंबऱ्या आता कपाटात बंद नाहीत. मोकळ्या फळीवर आहेत. त्यांच्या शेजारी ‘यमुनापर्यटन’ ठेवले आहे. नववी-दहावीची जी मुले त्यांतील एखादी नेतात, त्यांनी परत करताना वहीत एका प्रश्नाचे उत्तर लिहावे, असा नियम केला आहे: या गोष्टीतील माणसांनी ही गोष्ट वाचली, तर ती काय म्हणतील? बहुतेक उत्तरे दोन ओळींची असतात. काही चांगली असतात. नाटुकल्याची माझी हस्तलिखित प्रतही मी त्याच फळीवर ठेवली आहे आणि तिलाही तोच नियम लागू आहे.