‘थांबा’ म्हणणारी मुले

जपानचे चित्रपट-दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचे नाव निघाले, की रसिकांच्या तोंडी पहिले विशेषण येते ते ‘निरागस’. विशेषण गोड आहे. पण अपुरे आहे.

मियाझाकींचा जन्म ५ जानेवारी १९४१ रोजी टोकियोत झाला. देश युद्धाच्या खाईत होता. घरात मात्र सुबत्ता होती. चुलत्यांचा विमानांचे भाग करण्याचा कारखाना, वडील त्याच्या कारभारात. ‘झिरो’ या लढाऊ विमानांचे भाग तेथे तयार होत. ज्या विमानांची चित्रे काढण्यात मुलगा रमे, त्यांच्यावरच घर चालले होते!

जुलै १९४५ मध्ये उत्सुनोमिया शहरावर बॉम्ब पडले. चार वर्षांच्या हायाओला घेऊन कुटुंब मालमोटारीतून निसटले. वाटेत लहान मूल जवळ असलेल्या कुणी आसरा मागितला. मोटार थांबली नाही. त्या क्षणी एखाद्या मुलाने ‘थांबा’ म्हटले असते तर, हा विचार मियाझाकींनी पुढे बोलून दाखविला आहे. पुढे १९४७ पासून आई मणक्याच्या क्षयाने कित्येक वर्षे आजारी राहिली. १९५८ चा ‘हाकुजादेन’ पाहून तो विद्यार्थी चित्रांच्या चित्रपटावर लुब्ध झाला, आणि १९६३ साली तोएई स्टुडिओत दाखल झाला.

हे ध्यानी घेतले, की त्यांच्या चित्रपटांतील मुले निराळी दिसू लागतात. ‘टोटोरो’त (१९८८) धाकटी मेई आजारी आईसाठी मक्याचे कणीस घेऊन एकटीच निघते. ‘नाउशिका’त (१९८४) एक मुलगी उधळलेल्या प्रचंड कीटकांपुढे उभी राहते. मोठी माणसे वाहन पुढे दामटीत असता ही मुले वाट अडवितात. ती निरागस नाहीत. ती जबाबदार आहेत.

म्हणूनच ‘द विंड रायझेस’ (२०१३) मनाला टोचतो. नायक ‘झिरो’चा रचनाकार. रस्त्यावरच्या भुकेल्या मुलीला तो खाऊ देऊ करतो; ती न घेताच पळून जाते. विमानांवरच्या खर्चात अशी किती मुले जेवतील, हे त्याचा मित्र त्याला ऐकवितो. पण चित्रपट त्या मुलीमागे जात नाही. तो पुन्हा विमानाच्या देखण्या पंखांकडे वळतो. येथे मोटार पुन्हा एकदा थांबलेली नाही. ही या चित्रपटाची उणीव म्हणावी लागेल. पण ज्याला विमाने आवडतात आणि त्या आवडीची लाजही वाटते, अशाच कलावंताच्या हातून ती घडते. मुलांना हे चित्रपट अवश्य दाखवावेत. मोठ्यांनी मात्र शेजारी बसून पाहावेत.