बाळाची नोंदवही: मोजणं आणि जाणणं

आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी आम्हाला सभागृहाच्या दारातच गाठलं. म्हणाले, "सर, जन्मभर न्यायदर्शन शिकवलंत, आणि आता डायपरवर बोलणार?" हो, बोलणार. एखादी गोष्ट आपल्याला कळली असं केव्हा म्हणायचं, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न. तो मध्यंतरी आमच्याच घरात, रडणाऱ्या बाळाच्या रूपाने, येऊन उभा राहिला.

लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. दवाखान्यातून घरी आल्या दिवशीच जावईबापूंनी दोघांच्या फोनवर एक ॲप घेतलं. नाव सांगत नाही, कारण अशी कितीतरी आहेत आणि घडण साधारण एकच. बाळाला पाजायला घेतलं की बटण दाबायचं, डावी बाजू की उजवी ते सांगायचं, पिऊन झालं की पुन्हा दाबायचं. झोपलं, उठलं, शू झाली, शी झाली, प्रत्येकाला वेगळं बटण. दिवस संपला की रंगीत पट्ट्यांचा तक्ता तयार. काही ॲप तर याच्याही पुढे जातात आणि पुढची झोप किती वाजता लागेल ते सांगतात. "बारशाच्या आधीच नातीचं खातं उघडलंत!" अशी आम्ही चेष्टा केली.

ही चेष्टा पाचव्या दिवशी अंगाशी आली. बाळ जरा पिवळसर दिसत होतं आणि सारखं झोपत होतं. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गेल्या चोवीस तासांत शू किती वेळा झाली?" आमची सौ. ठामपणे म्हणाली, "होते की, सारखे लंगोट बदलतोय." लेकीने फोन पुढे केला. आकडा होता तीन. पाचव्या दिवसापासून पुढे दिवसाला निदान सहा वेळा तरी शू व्हावी, अशी साधारण अपेक्षा असते. पोटात दूध पुरेसं जातं आहे की नाही, हे घरच्या घरी कळायचा तो एक चांगला मार्ग. डॉक्टरांनी वजन केलं, काविळीची तपासणी करून घेतली, आणि झोपलेल्या बाळाला दर दोन-अडीच तासांनी उठवून पाजायला सांगितलं. पुढच्या दोन-तीन दिवसांत आकडा वर आला आणि घरातलं वातावरण सैल झालं.

म्हणून आजची टीका कबुलीपासून सुरू करावी लागते. घरात चार मोठी माणसं होती, चौघांचंही बाळाकडे लक्ष होतं, आणि तरीही उत्तर फक्त नोंदीपाशी होतं. 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे वाक्य त्या दिवसापासून आम्ही जपून वापरतो. शिवाय रात्री तीन वाजता बाळ उठलं, तर शेवटचं कधी प्यायलं हे बाळंतिणीला न उठवता बापाला कळायचं. आमच्या पिढीतल्या किती बापांना हे माहीत असायचं? आम्हाला तरी नव्हतं.

आता थोडं मागे जाऊ. बाळ आणि आई यांच्यामध्ये घड्याळ काही ॲपने आणलेलं नाही. न्यूझीलंडमध्ये 1907 साली प्लंकेट सोसायटी स्थापन झाली. तिचे संस्थापक डॉ. ट्रुबी किंग यांचा आग्रह असा, की बाळाला ठरल्या वेळीच, साधारण चार-चार तासांनी पाजावं. अमेरिकेत 1928 साली जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून आयांना बजावलं, की मुलांचे लाड करू नका, वेळापत्रक पाळा. मग 1946 साली डॉ. बेंजामिन स्पॉक आले आणि आईला म्हणाले, तुझ्या स्वतःच्या समजुतीवर भरवसा ठेव. पुढे 1989 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी स्तनपानाची दहा पावलं सांगितली. त्यांतलं एक हेच होतं, की बाळ मागेल तेव्हा पाजा. म्हणजे ऐंशी वर्षांत घड्याळ आत आलं आणि बाहेरही गेलं. आज ते वेगळं रूप घेऊन परत आलंय. तेव्हा ते हुकूम करायचं, 'आता पाज.' आज नुसतं विचारतं, 'पाजलंस का? किती मिनिटं?' विचारणाऱ्याशी भांडता येत नाही, म्हणून त्याचा ताण उशिरा लक्षात येतो.

मोजणं वाईटच, असं मात्र म्हणायचं नाही. आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. वजन, ताप, श्वास, पिणं, सगळ्याची नोंद. 39 गावांतल्या या कामाचे निष्कर्ष 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आले. इतर गावांच्या तुलनेत नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. ज्यांना आकडे मोजता येत नाहीत अशा दायांसाठी तिथे श्वास मोजायचं साधनही केलं गेलं, वाळूचं घड्याळ आणि मणी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त असतील, तर ते धोक्याचं लक्षण. मणी सरकवायचा, तर डोळा बाळाच्या छातीवरच ठेवावा लागतो.

या नोंदवहीपासून आपल्याला कसोट्या मिळतात. पहिली, नोंदीमागे प्रश्न आहे का? तिथे होता: हे बाळ धोक्यात आहे का? दुसरी, नोंद वाचून काही करणारं माणूस आहे का? होतं, आणि पुढे काय करायचं ते त्याला शिकवलेलं होतं. तिसरी, नोंद कधी संपते? आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात. बेचाळिसावा दिवस झाला की ही फेरी पूर्ण. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना मानतात, तोही जवळपास तेवढाच. डोळ्यांत तेल घालून पाहायचा काळ किती, हे रूढीनेही ठरवलं होतं आणि विज्ञानानेही.

आमच्या घरातलं ॲप पाचव्या दिवशी पहिल्या दोन्ही कसोट्यांना उतरलं. प्रश्न होता, वाचणारे डॉक्टर होते. तिसऱ्या महिन्यात मात्र बाळ छान बाळसं धरलेलं, वजन उत्तम, तरी नोंद तशीच चालू. आता प्रश्न नव्हता आणि वाचणारंही कुणी नव्हतं. दिवसाला तीस-चाळीस वेळा बटण दाबणारी आमची लेक तेवढी होती, आपल्याच बाळाची कारकून झालेली.

एका संध्याकाळी बाळ रडायला लागलं. लेकीने फोन पाहिला. म्हणाली, "आई, भूक नाहीये तिला. पन्नास मिनिटांपूर्वीच पाजलंय. ही झोपेची वेळ आहे." बाळ मूठ चोखत होतं, मान वळवून आजीच्या पदरात तोंड खुपसत होतं. सौ. एवढंच म्हणाली, "अगं, तिच्या तोंडाकडे बघ की." लेकीने घेतलं, आणि बाळ पोटभर प्यायलं.

इथे न्यायदर्शन कामाला येतं. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, असं आपण अनुमान करतो. ते टिकतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी हा संबंध कुठे मोडत नाही. या संबंधाला व्याप्ती म्हणतात. 'पन्नास मिनिटांपूर्वी प्यायली, म्हणून भूक नाही' यात व्याप्ती कुठे आहे? तान्ही बाळं संध्याकाळी लागोपाठ पीत राहतात, हे अगदी नेहमीचं. हेतू असताना साध्य कधी असतं, कधी नसतं. अशा हेतूला नैयायिक सव्यभिचार म्हणतात आणि हेत्वाभासात टाकतात. ॲपपाशी असते ती सरासरी, आणि सरासरी म्हणजे व्याप्ती नव्हे. आता कुणी म्हणेल, 'रडतंय म्हणून भूकच' हेही सव्यभिचारच की! बरोबर आहे, आजीचंही अनुमान चुकू शकतं. फरक एवढाच, की आजी प्रत्यक्षाकडे पाहत होती. मूठ, मान, ओठ सगळं समोर होतं, आणि चुकली असती तर पुढच्याच मिनिटाला बाळाने तिला सांगितलं असतं. फोनकडे पाहणाऱ्याला ते सांगणार कोण?

दुसरी गोष्ट जास्त लागली. एका रात्री दोघांचेही फोन बंद पडले. बाळ शांत झोपलं होतं. सकाळी पाहतो तर लेक डोळे पुसत बसलेली. "बाबा, काल रात्रीचं काहीच नाहीये." आम्ही म्हटलं, "अगं, बाळ आहे ना!" तिला ते पटत होतं, तरी रडू थांबत नव्हतं. तक्त्यात पडलेली मोकळी जागा तिला स्वतःचा हलगर्जीपणा वाटत होती. इतके आठवडे आपण बरी आई आहोत याचा पुरावा ती त्या तक्त्यात शोधत होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बाळाचा जीव सांभाळायला आणलेलं साधन आईचं प्रगतिपुस्तक झालं होतं. आमची खरी हरकत आहे ती याला.

साडेतीन महिन्यांच्या लसीला गेलो, तेव्हा तिने तो तक्ता डॉक्टरांपुढे धरला. त्यांनी बाळाचं वजन केलं, बाळाला हसवलं आणि विचारलं, "हे आता कोणासाठी लिहिताय?" ती गप्प राहिली. त्याच आठवड्यात तिने पाजण्याची आणि झोपेची नोंद बंद केली. लसींच्या तारखा आणि औषधं तेवढी ठेवली. पहिले दोन दिवस हात फोनकडे जायचा, असं ती सांगते.

तेव्हा ज्यांच्या घरी आज तान्हं बाळ आहे, त्यांना ॲप काढून टाका असं आम्ही सांगणार नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, वजन धरत नसेल, डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर जरूर लिहा, चोख लिहा. फक्त पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारून घ्या, की कशासाठी लिहायचं, कुणाला दाखवायचं आणि कधी थांबायचं. आणि आजी-आजोबांनो, चेष्टा करण्याऐवजी लेकीला किंवा सुनेला दिवसातून एकदा तरी सांगा, की बाळ छान आहे आणि तुझं बरोबर चाललंय. हे सांगणारं घरात कुणी नसलं, की माणूस ते तक्त्यात शोधतं. आम्हीही ते उशिराच सांगितलं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.