लुटारूंचे मूळ कोणी सांगायचे?

जॉर्ज ल्यूकस यांच्या १९७७च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात टॅटूइन नावाच्या वाळवंटी ग्रहावर 'टस्कन रेडर्स' ही टोळी येते. रेडर म्हणजे धाड घालणारा, लुटारू. म्हणजे गुन्हा नावातच आला. तोंडाला फडकी, अंगावर मळकट झगे आणि भाषा म्हणजे नुसती डरकाळी! (तोंड झाकणे ही वाळवंटातली गरज आहे, एवढेही कॅमेऱ्याला कळू नये?) हे चित्र पाहून आपल्याला कोण आठवते, हे वेगळे सांगायला नको. ग्रह काल्पनिक असला तरी वाळवंट खरे आहे. बरेचसे चित्रीकरण ट्युनिशियात झाले, ग्रहाचे नावही तेथल्या तताविन शहरावरून घेतले. नाव घेतले, माणसे मात्र मुखवट्याआड गेली.

२००२च्या 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मध्ये ही टोळी नायकाच्या आईला पळवून नेते. छळ सोसून ती प्राण सोडते, आणि नायक बायकापोरांसकट सगळी वस्ती कापून काढतो. ल्यूकस याला पापच मानतात, हे कबूल केले पाहिजे. पण ते नायकाच्या अधःपतनाची पायरी म्हणून. तो ज्या तरुणीला हे सांगतो, ती त्याचीच समजूत घालते आणि शेवटी त्याच्याशी लग्नही करते. मेलेल्यांसाठी कोणी रडत नाही.

पुढे 'द मँडलोरियन' मालिकेत ट्रॉय कॉट्सर या कर्णबधिर अभिनेत्याने टोळीसाठी खुणांची भाषा घडवली. मग 'द बुक ऑफ बोबा फेट'मध्ये, जानेवारी २०२२च्या भागात, सरदार आपले मूळ सांगतो. हा ग्रह एके काळी समुद्राने झाकलेला होता. पाणी आटले आणि त्याची माणसे लपून जगू लागली. त्यांच्या पूर्वजांच्या जमिनीवरून आता परक्यांची मालगाडी जाते, आणि जाता जाता गोळ्या झाडते. पंचेचाळीस वर्षांनी कळले की धाड नेमकी कोण घालत होते!

याच ट्युनिस शहरात १३३२ साली जन्मलेल्या इब्न खल्दूनने 'मुकद्दिमा'त वाळवंटी टोळ्यांची लूटमार झाकली नाही. उलट फार कठोर लिहिले. पण माणसांचे वेगळेपण त्यांच्या उपजीविकेच्या रीतीतून येते, हे त्याचे सूत्र आहे. टोळीची एकजूट, म्हणजे 'असबिया', कशातून येते हे तो शोधतो, आणि वाळवंटी माणूस शहरी माणसापेक्षा चांगुलपणाला जवळचा आहे असेही म्हणतो. ल्यूकस यांच्या टोळीला एवढा विचार मिळायला २०२२ उजाडावे लागले.

आणि मिळून काय झाले? पाहुणा नायक त्यांना गाडी थांबवायला शिकवतो, म्हणजे आपल्या भूमीवरची लढाईही त्यांना परक्याकडून शिकावी लागते. पुढच्याच भागात सगळी टोळी मारली जाते. कत्तल पडद्यावर दिसतही नाही. नायक परततो तेव्हा तंबू जळत असतात. त्याला सूडाचे कारण मिळते आणि कथा शहराकडे वळते. ज्या मुलाने त्याच्याशी मैत्री केली होती, त्याला मालिकेत शेवटपर्यंत नाव दिलेले नाही.