आश्रयाची कथा आणि परतीचा प्रश्न : ‘बॉर्न फ्री’ व ‘नेगल’ यांचा तौलनिक विचार

बीजशब्द : वन्यप्राणीविषयक साहित्य, अनाथ पिल्लू, निवेदन, संगोपन, पुनर्वसन

प्रस्तावना

जखमी अथवा पोरक्या वन्यप्राण्याला घरी आणून वाढविल्याची हकिकत हा साहित्यातील एक लोकप्रिय लेखनप्रकार होय. या लेखनाचे वाचन आपल्या वर्गांतून बहुधा ‘भूतदया’ या एका शब्दापाशी येऊन थांबते. पाठातील मूल्य विचारले की विद्यार्थी तो शब्द लिहितो आणि अध्यापक त्याला गुण देतो. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हेच केले. एका उन्हाळ्यात असाच एक पाठ शिकवून झाल्यावर वर्गातील एका विद्यार्थ्याने झाडाखाली सापडलेले पिंगळ्याचे पिल्लू घरी नेले. बुटांच्या खोक्यात ठेवून त्याने त्याला दूध-भाकरी भरविली. तिसऱ्या दिवशी ते मेले. विद्यार्थ्याच्या दयेत कसूर नव्हती. उणे होते ते आमच्या वाचनात.

म्हणून येथे ‘भूतदया’ हा निकष बाजूस ठेवून तीन प्रश्न विचारले आहेत. प्राणी पोरका कोणामुळे झाला? त्याच्या परतीचा मार्ग कोणता? आणि या मायेची किंमत कोणी मोजली? हे प्रश्न जॉय ॲडमसन यांचे ‘बॉर्न फ्री’ (१९६०) आणि विलास मनोहर यांचे ‘नेगल’ या दोन साहित्यकृतींना लावून पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

‘बॉर्न फ्री’ : गोळीनंतरची माया

केनियाच्या उत्तर सीमाप्रदेशात वन्यजीवांच्या रक्षणाचे अधिकारी असलेले जॉर्ज ॲडमसन १ फेब्रुवारी १९५६ रोजी एका नरभक्षक सिंहाच्या मागावर होते. अंगावर आलेल्या सिंहिणीवर त्यांना गोळी झाडावी लागली. ती का चवताळली होती, याचा उलगडा नंतर झाला. जवळच्या खडकांत तिची तीन पिल्ले होती. याचा अर्थ, पिल्लांना पोरके करणारा आणि त्यांना आश्रय देणारा हात एकच होता. जॉय ही गोष्ट लपवीत नाहीत, हा त्यांच्या निवेदनाचा प्रामाणिकपणा होय. मात्र निवेदन त्या मृत सिंहिणीपाशी फार काळ रेंगाळत नाही. अपराधाची जागा वात्सल्य घेते आणि वाचकही तो प्रसंग मागे टाकून पुढे जातो.

तीनपैकी दोन पिल्ले रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात पाठविली गेली आणि सर्वांत लहान ‘एल्सा’ घरी राहिली. जन्मतः मुक्त हे विशेषण तिन्ही पिल्लांना सारखेच लागू पडते. पुस्तक मात्र एकीच्याच मुक्तीचे आहे. शीर्षकातील हा ताण समीक्षेने दुर्लक्षिण्याजोगा नाही.

या कृतीचे खरे सामर्थ्य एल्साला रानात सोडण्याच्या प्रकरणांत आहे. पहिला प्रयत्न फसला. नवे हवामान तिला मानवले नाही आणि ती आजारी पडली. पुढे तिच्या जन्मस्थळाला अधिक जवळच्या प्रदेशात दुसरा प्रयत्न झाला. शिकारीचा पाठलाग तिला उपजत येत होता. परंतु सावज मारून आपले पोट आपण भरणे तिला शिकावे लागले. तोवर जॉर्ज तिच्यासाठी शिकार करीत आणि नंतर तिला काही दिवस एकटी सोडून परत येऊन पाहत. येथे निवेदनाची गती मंदावते. संगोपन ही माया असेल, तर पुनर्वसन ही त्या मायेची शिस्तबद्ध माघार आहे, हे या पानांतून उमगते.

असे असूनही पुस्तकाचा आनंद एल्साच्या परत येण्यातच साठविलेला आहे. मुक्त झालेली सिंहीण जुन्या माणसांना ओळखते, पुढे आपले बछडेही त्यांच्यापुढे आणते आणि वाचक गहिवरतो. पुनर्वसनाच्या दृष्टीने पाहता ही ओळख अपुरेपणाची खूण होय. प्राण्याने माणसाला विसरावे, हे पुनर्वसनाचे यश. त्याने विसरू नये, ही कथेची गरज. या लेखनप्रकारातील मूलभूत विसंगती ती हीच.

या विसंगतीची किंमतही इतिहासात नोंदलेली आहे. जानेवारी १९६१ मध्ये एल्सा गोचिडांमुळे होणाऱ्या आजाराने मेली. तिचे बछडे आसपासच्या पशुपालकांच्या शेळ्यांवर पडू लागले आणि अखेर त्यांना पकडून सेरेंगेटीत हलवावे लागले. ‘फॉरेव्हर फ्री’ (१९६२) मध्ये ही हकिकत येते. तेथे ते पशुपालक अडचण म्हणून दिसतात. त्यांचा आवाज क्वचितच ऐकू येतो. पुढे १९७१ मध्ये जॉर्ज यांनी रानात वसविलेल्या ‘बॉय’ या सिंहाने त्यांच्याच एका आफ्रिकी सहकाऱ्याचा बळी घेतला आणि जॉर्ज यांना त्या सिंहाला गोळी घालावी लागली. माणसाविषयीची भीती गमावलेला हिंस्र प्राणी कोणासाठी धोका ठरतो, याचे हे उत्तर होते.

‘नेगल’ : परत न जाणारा आश्रित

‘नेगल’चा परिसर सर्वस्वी भिन्न आहे. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. शिकार करून परतणाऱ्या माडियांकडे मेलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांना दिसले आणि त्यांनी ते मागून घरी आणले. तेथील प्राणिपरिवाराची ही सुरुवात सर्वश्रुत आहे. विलास मनोहर हे त्याच प्रकल्पातील कार्यकर्ते असून ‘नेगल’ हे तेथे वाढलेल्या बिबट्याचे नाव आहे.

येथे पोरकेपणाचे कारण भूक हे आहे. माडिया शिकार करतो ती हौसेखातर नव्हे, तर पोटासाठी. त्यामुळे त्याला खलनायक ठरविण्याची सोय या विषयात उरत नाही. ज्या माणसांवर दवाखान्यात उपचार करायचे, त्यांच्याच शिकारीतून मागे उरलेली पिल्ले अंगणात वाढवायची, हा पेच केनियातील कथेत नाही. ॲडमसन यांच्या लेखनात परिसरातील माणूस कडेला राहतो. हेमलकशात माणसाची उपासमार आणि पिल्लाचे पोरकेपण यांचे मूळ एकच असल्याने त्याला कडेला ठेवताच येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हेच ‘नेगल’चे वेगळेपण होय.

परतीच्या प्रश्नावर मात्र ‘नेगल’ वाचकाला सुखांत शेवट देऊ शकत नाही. माणसाच्या हातून खाणारा बिबट्या शिकारीच्या रानात सोडणे म्हणजे त्याला पहिल्याच बाणापुढे उभे करणे. अशा ठिकाणी आजन्म आश्रय हाच काय तो मार्ग उरतो. त्याला पुनर्वसन म्हणता येणार नाही आणि त्याचा गौरव करतानाही हा भेद पुसला जाऊ नये.

अनाथ कोण ठरवितो?

दोन्ही कृतींतील पिल्ले खरोखरच पोरकी होती. प्रत्यक्षात नेहमीच असे नसते. जुन्नर परिसरात ऊसतोडणीच्या हंगामात फडात बिबट्याचे बछडे सापडतात. त्यांची आई बहुधा जवळच दडलेली असते. वनविभागाचे कर्मचारी आणि पशुवैद्यक बछड्यांची तपासणी करून सायंकाळी त्याच जागी त्यांना ठेवतात आणि रात्री मादी येऊन त्यांना घेऊन जाते. येथे पिल्लू घरी न नेणे हीच दया ठरते. मात्र अशा यशाची कथा कोणी लिहीत नाही. कारण तिच्यात ना नाव ठेवलेला प्राणी आहे, ना निवेदकाची माया.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता आहे आणि तो ताब्यात आल्यास ४८ तासांत संबंधितांना कळविणे बंधनकारक आहे. तथापि कायद्याजवळही परतीचे उत्तर नेहमी असतेच असे नाही. अमेठी जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने २०२२ मध्ये जखमी सारस बरा केला. तो पक्षी मोकळा असूनही त्याच्यामागे फिरत असे. मार्च २०२३ मध्ये वनविभागाने त्याला समसपूर पक्षी अभयारण्यात नेले आणि तेथून तो कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात पोहोचला. माणसाच्या सवयीतून सोडविलेला पक्षी अखेर पिंजऱ्यात गेला.

निष्कर्ष

सारांश, आश्रयकथांचे मोल त्यांतील मायेच्या मात्रेवरून ठरत नाही. पोरकेपणाचे कारण आणि मायेची किंमत ती कृती किती स्पष्टपणे समोर ठेवते, यावरून ते ठरावे. या कसोटीवर ‘बॉर्न फ्री’ सिंहिणीला रानात सोडण्याच्या प्रकरणांत उंची गाठते आणि परिसरातील माणसांच्या बाबतीत उणे ठरते. ‘नेगल’चा विषय माणसाला सामावून घेतो, परंतु परतीचा प्रश्न खुला ठेवतो.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. पिंगळ्याचे ते पिल्लू उडायला शिकत असावे आणि त्याचे आईबाप त्याच झाडावर असावेत, ही शक्यता वर्गात कोणीच बोलून दाखविली नव्हती. ‘तुम्ही काय केले असते?’ या प्रश्नाआधी ‘त्याची आई कोठे होती?’ हा प्रश्न आपण विचारला असता, तर कदाचित ते खोके लागलेच नसते.