डेन हार्टोग यांचा कंपनविषयक ग्रंथ : एक परामर्श

यांत्रिक अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात कंपनशास्त्राचे स्थान निर्विवाद आहे. परंतु त्या शास्त्राची कोणती जाण विद्यार्थ्याच्या अंगी बाणावी, याविषयी एकवाक्यता नाही. या दृष्टीने जे. पी. डेन हार्टोग यांच्या ‘मेकॅनिकल व्हायब्रेशन्स’ या ग्रंथाचा पुनर्विचार करणे उचित ठरेल. तो प्रथम १९३४ साली प्रसिद्ध झाला. चौथी आवृत्ती १९५६ साली निघाली व १९८५ साली तिचे पुनर्मुद्रण झाले. ग्रंथकारांनी आरंभी वेस्टिंगहाउस कंपनीत तिमोशेंको यांच्या हाताखाली काम केले व नंतर विद्यापीठात अध्यापन केले. यंत्र आणि समीकरण यांची या ग्रंथातील सांगड हे त्या अनुभवाचेच फळ होय.

ग्रंथाचे सामर्थ्य कंपनशोषकाच्या विवेचनात विशेष प्रत्ययास येते. मुख्य यंत्रणेत अवमंदन नाही असे मानून तिला स्प्रिंग व अवमंदक यांच्या द्वारे एक लहान वस्तुमान जोडले, तर अवमंदन कितीही असो, सर्व प्रतिसादवक्र दोन ठरावीक बिंदूंतून जातात. ग्रंथकार या दोन बिंदूंची उंची समान करतात. वस्तुमानांचे गुणोत्तर १/२० असता शोषकाची स्वाभाविक वारंवारता मुख्य यंत्रणेच्या २०/२१ पट ठेवावी, म्हणजे योग्य अवमंदनाने महत्तम विस्थापन स्थैतिक विस्थापनाच्या सुमारे ६.४ पटींवर रोखता येते. क्लिष्ट गणित येथे टळले आहे ते निरीक्षणाच्या बळावर, सवलत म्हणून नव्हे. स्वयंप्रेरित कंपनांच्या प्रकरणातही हीच दृष्टी आढळते. बर्फाच्या लेपाने विद्युत्‌वाहक तारेचा छेद वर्तुळाकार उरत नाही, आणि स्थिर वारादेखील तारेच्या गतीच्याच दिशेने बल देऊन तिचे आंदोलन वाढवू शकतो.

उणिवाही नमूद केल्या पाहिजेत. यादृच्छिक कंपनांना स्वतंत्र प्रकरण नाही, आणि संगणकावर अवलंबून असलेल्या आजच्या पद्धतींची पूर्वतयारी येथे होत नाही. तेवढ्यासाठी अन्य ग्रंथांचा आधार घेणे अपरिहार्य आहे.

तथापि या उणिवांमुळे ग्रंथ अभ्यासक्रमातून वगळणे हानिकारक होईल. संगणक शेकडो स्वाभाविक वारंवारता क्षणात काढून देतो; त्यांतील कोणती यंत्राला घातक, हे त्याला विचारणारा विद्यार्थी स्वतः जाणता असावा लागतो. निदान तिसरे व सातवे प्रकरण, उदाहरणे हाताने सोडवून, प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने अभ्यासावे, एवढी शिफारस अवश्य करावीशी वाटते.