बेत आणि बॅकलॉग

माझ्या वयाचे बरेच जण एकही पुस्तक न उघडता आठवड्याला चार-पाच प्रवासवर्णनं वाचतात. ती तीस-चाळीस सेकंदांची असतात, गुरुवारी-शुक्रवारी फोनवर येतात आणि त्यांचा मथळा ठरलेला असतो: ‘या वीकेंडला दोन दिवसांत काय काय कराल?’ खाली वेळापत्रक असतं. आपण ते सेव्ह करतो, ग्रुपवर टाकतो, त्यावर तीन अंगठे येतात आणि शनिवारी सकाळी गाडी निघते.

या मजकुराला कुणी साहित्य म्हणत नाही, म्हणून त्याची समीक्षाही होत नाही. पण आपल्या सुट्टीवर एवढा थेट अंमल दुसऱ्या कुठल्याच लेखनाचा नाही. कवितेचं आपण ऐकतोच असं नाही, या वेळापत्रकाचं मात्र मुकाट्याने ऐकतो. म्हणून ते एकदा नीट वाचून बघू.

अशा अनेक रील्समधून जुळवलेला हा एक नमुना. शनिवार: सकाळी ६ ला पुण्यातून निघा. ७.३० मिसळ. ८.३० भाजे लेणी. १० लोहगड. १.३० लोणावळ्यात जेवण. ३ भुशी धरण. ५ टायगर पॉइंट. ७ पवना तलावाकाठी तंबू, शेकोटी, गाणी. रविवार: ६ ला सूर्योदय. ८ तिकोना. १२ कार्ला, एकवीरा. ३ चिक्की खरेदी. ६ ला घरी. शेवटी एक ओळ: ‘रिलॅक्स करा आणि फ्रेश होऊन सोमवारी कामाला लागा!’

पहिल्यांदा क्रियापदं बघा. ‘कव्हर करा’, ‘मिस करू नका’, ‘टिक करा’. सगळी आज्ञार्थी आहेत आणि सगळी कामाच्या जागेवरून आलेली आहेत. ऑफिसमध्ये आम्ही दोन आठवड्यांचा स्प्रिंट आखतो. बॅकलॉग म्हणजे राहिलेल्या कामांची यादी. त्यातून कामं उचलायची, प्रत्येकाला तास लावायचे आणि शेवटी किती संपली ते मोजायचं. वरचा मजकूर हा दोन दिवसांचा स्प्रिंट आहे. फरक इतकाच, की आमच्या स्प्रिंटमध्ये कुणीतरी शहाणा माणूस ‘थोडा बफर ठेवा रे’ म्हणतो. इथे तो माणूसही नाही. आणि ‘रिलॅक्स करा’ ही ओळ यादीच्या तळाशी आहे. तिच्यासमोर वेळ लिहिलेली नाही, कारण तिच्यासाठी वेळ उरलेलाच नाही.

मग चित्रं बघा. धबधब्यापाशी माणूस एकटा, पाठमोरा. गडावर धुकं आणि कुणी नाही. रविवारी दुपारी ज्याने लोणावळ्यात गाडी घातली आहे त्याला ही फ्रेम किती मेहनतीने रिकामी केलेली असते ते कळतं. या लेखनप्रकाराचं मुख्य तंत्र वगळणं हे आहे. प्रत्येक लेखन काहीतरी वगळतंच. इथे दोनच गोष्टी वगळल्या जातात: वाट बघण्याचा वेळ आणि इतर माणसं. सुट्टीत आपल्या वाट्याला मुख्यतः याच दोन गोष्टी येतात.

वाट बघण्याचं गणित आम्हाला इंजिनिअरिंगला शिकवतात. एक खिडकी आणि एक रांग असेल, लोक आपापल्या सोयीने येत असतील, तर खिडकी निम्मा वेळ कामात असताना एका माणसाला लागणारा एकूण वेळ प्रत्यक्ष कामाच्या दुप्पट होतो. खिडकी ८० टक्के भरली की पाचपट, ९० टक्क्यांना दहापट, ९५ टक्क्यांना वीसपट. घाटातला रस्ता म्हणजे तिकीट खिडकी नव्हे, आकडे तसेच्या तसे लागू होत नाहीत. पण वळण तेच: भरत आलेल्या व्यवस्थेत शेवटची थोडीशी भर सगळ्यात महाग पडते. जे घाटाचं, तेच दिवसाचं. नऊ ठिकाणांनी काठोकाठ भरलेल्या दोन दिवसांत मिसळीला वीस मिनिटं उशीर झाला की तो उशीर पुढच्या आठही ठिकाणी सोबत येतो. आणि मग गाडीत ‘चला चला’ सुरू होतं. हा शब्द वेळापत्रकात नसतो, सहलीत मात्र सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो.

आता यादीतलं एकच ठिकाण घेऊ. ८.३० ते १०, भाजे. मळवली स्टेशनवरून चालत जाता येतं. पुणे-लोणावळा लोकल तिथे थांबते. ही बौद्ध लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची मानतात. मोठं चैत्यगृह आहे, बाजूला चौदा स्तूपांचा समूह आहे आणि भिक्षूंना राहण्यासाठी कोरलेल्या खोल्या आहेत. त्या खोल्यांमध्ये झोपण्यासाठी दगडी ओटे आहेत. रील चैत्याच्या कमानीवर तीन सेकंद थांबते, ओट्यांवर थांबत नाही. खरं तर या दौऱ्याच्या दृष्टीने तिथली सर्वात महत्त्वाची वस्तू तीच आहे. पावसाळ्यात भिक्षूंनी फिरती थांबवून एका जागी राहावं, असा बौद्ध परंपरेतला वर्षावासाचा नियम. म्हणजे ज्या मोसमात आपण त्या डोंगरांवर सगळ्यात जास्त धावतो, तोच मोसम त्यांच्याकडे थांबण्याचा होता. पाऊस, निसरडे रस्ते आणि फुगलेल्या नद्या तेव्हाही होत्या. त्यावर त्यांचं उत्तर होतं: बसा.

हे मी नॉस्टॅल्जियातून म्हणत नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एक बाई आणि चार मुलं. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवार होते. धोक्याची व्यवस्था, पुलाची देखभाल, गर्दीचं नियोजन हे प्रश्न प्रशासनाचे आहेत आणि तिथेच विचारले पाहिजेत. गेलेल्यांना शहाणपण शिकवण्याचा हक्क कुणालाच नाही. पण ज्या मजकुराने आपल्या सगळ्यांना एकाच दिवशी, त्याच चार ठिकाणी पाठवलं, त्याच्या रिकाम्या फ्रेमबद्दल बोलायलाच हवं. जी फ्रेम गर्दी दाखवत नाही, ती धोकाही दाखवत नाही.

या प्रकाराची जमेची बाजूही आहे. शेवटची लोकल किती वाजता, कुठल्या नाक्यावर शेअर जीप मिळते, मुलींनी एकटीने राहायला जागा कशी आहे, ही माहिती पूर्वी कुणाच्या तरी मामाकडे असायची. मामा नसेल तर मिळायची नाही. आता ती फुकट मिळते. हे मोठं काम आहे आणि माहिती देताना रील उत्तम असते. आनंद कशात मानायचा हेही ती ठरवायला लागते, तिथून ती बिघडते.

मराठीत याच विषयावर दुसऱ्या टोकाचं लेखन आहे. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधलं ‘भ्रमण मंडळ’ आठवा. चाळीतली मंडळी प्रवासाला निघतात, त्याचा केवढा घोळ! कोण येणार, काय घ्यायचं, कुणाचं कुणाशी पटत नाही. विनोद ठिकाणावर नाहीच, तो सगळा ठरवण्यात आहे. ‘म्हैस’मध्ये तर कोकणातल्या रस्त्यावर एसटीला म्हैस आडवी येते आणि प्रवास थांबतो. बरंचसं कथन त्या थांबलेल्या वेळातलं आहे. आजच्या वेळापत्रकात म्हशीला एकच जागा आहे, ‘डिले’. पुलंनी त्या डिलेमध्ये अख्खी एसटी वसवली. हसताना लक्षात येत नाही, पण या दोन्ही तुकड्यांना प्रवासाबद्दल एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: माणसं पोहोचतात कमी वेळ, एकमेकांबरोबर असतात जास्त वेळ.

यासाठी मराठीत एक चांगला शब्द आहे, बेत. सहलीचा बेत असतो आणि जेवणाचाही असतो. बेत आखतात, रचतात, तो फसतो, बदलतो, रद्द होतो. त्यात ठरवणाऱ्यांची इच्छा असते. ‘शनिवारी काय बेत आहे?’ या प्रश्नाला वेळापत्रक हे उत्तर होऊ शकत नाही. रील आपल्याला तयार वेळापत्रक देते आणि बेत आखण्याचं काम वाचवते. पण ते काम वाचवण्यासारखं होतं का?

२०१० साली येरून नाविन आणि सहकाऱ्यांचा एक डच अभ्यास प्रसिद्ध झाला. १५३० प्रौढांपैकी ९७४ जण सुट्टीवर जाऊन आले होते. जाण्याआधी, म्हणजे सुट्टीची वाट बघण्याच्या काळात, हे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होते. परत आल्यावर मात्र दोन्ही गटांत जवळपास फरक उरला नाही. अपवाद एकच, ज्यांनी आपली सुट्टी ‘अतिशय निवांत’ गेली असं सांगितलं त्यांचा. अभ्यास लांब सुट्ट्यांचा आणि डच लोकांचा आहे, तो लोणावळ्याला सरळ चिकटवता येणार नाही. तरी त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. आनंदाचा मोठा वाटा बेत आखण्यात असतो. आणि परतल्यावर काही उरायचं असेल तर सुट्टी निवांत लागते, भरगच्च असून भागत नाही. तयार वेळापत्रक पहिला वाटा काढून घेतं आणि दुसऱ्याला जागा ठेवत नाही.

कामातून सावरायला काय लागतं याची साबीने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये चार भागांत मांडणी केली: कामापासून मनाने सुटणं, शरीर सैल होणं, काहीतरी नवं जमणं आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. चौथा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सोमवार ते शुक्रवार माझं कॅलेंडर दुसरे लोक भरतात. शनिवारी ते एखाद्या अनोळखी रीलने भरलं, तर माझ्या बाबतीत काय बदललं? फक्त मीटिंगला धुकं आलं.

आणि हा रविवार आपल्याला फुकट मिळालेला नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभेतून मागण्या मांडल्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. या मागण्या पुन्हा वाचा. त्यांत कुठल्याही जागेचं नाव नाही. बहुतेक वेळाबद्दल आहेत. विश्रांती म्हणजे कुठेतरी जाणं नव्हे, तर कुणीही हक्क सांगू शकणार नाही असा वेळ, हे दिवसभर यंत्रासमोर उभं राहणाऱ्या माणसांना स्पष्ट दिसत होतं.

त्या मागण्यांच्या उजेडात वरच्या नमुन्यातली दुसरी वगळलेली गोष्ट दिसते. तंबू ठोकणारा पोरगा, धबधब्यापाशी भजी तळणारी मावशी, रात्री दीडला आपल्या गाण्यांचा आवाज सहन करणारं पवनाकाठचं गाव. आपला वीकेंड हा त्यांचा कामाचा दिवस आहे, आणि त्यावरच त्यांचं घर चालतं. त्यांच्यासाठी लोखंडे कुठे आहेत, हा प्रश्न रीलने विचारावा अशी माझी अपेक्षा नाही. आपण मात्र तंबूत शिरताना विचारू शकतो, आणि अकराला स्पीकर बंद करू शकतो.

नुसती टीका करून चालणार नाही, चांगला मजकूर कसा असेल हेही सांगायला हवं. आम्हा चौघांचा मागच्या मोसमातला बेत माथेरानचा होता. निवडीचं कारण निसर्ग कमी आणि नियम जास्त. तिथे खाजगी गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात. पुढे चाला, घोडा घ्या किंवा अमन लॉजहून छोटी गाडी पकडा. म्हणजे ‘चला चला’ म्हणायची सोयच नाही, गावाने आपल्या वतीने बफर ठेवला आहे. बेत व्हॉट्सअ‍ॅपवर तीन ओळींत मावला. शुक्रवारी अर्धा दिवस रजा, उजेडात पोहोचायचं. शनिवारी एक पॉइंट, कुठला ते उठल्यावर. रविवारी गर्दी चढायच्या आत, नाश्ता करून खाली.

या तीन ओळींसाठी दहा दिवस भांडण झालं. एकीला पॅनोरमा पॉइंट हवा होता, एकाला फक्त झोप, तिसऱ्याने वीस पानांचा लेख वाचायला आणायचं ठरवलं आणि त्यावर ‘लेख चालेल, लॅपटॉप नाही’ असा ठराव झाला. ग्रुपवरचे ते दोनशे मेसेज मी अजून डिलीट केलेले नाहीत. शनिवारी कुठला पॉइंट बघितला, हे मला विचाराल तर फोटो बघून सांगावं लागेल. दुपारी लाल मातीच्या वाटेवर एका बाकावर दीड तास बसलो होतो, ते आठवतं. तिथून काहीही दिसत नव्हतं. कुणीतरी चिक्की फोडली, कुणीतरी नोकरी सोडण्याबद्दल पहिल्यांदाच मोठ्याने बोललं आणि बाकीच्यांना ऐकायला वेळ होता.